मुन्शी कोणाचा आणि कपाट कोणाचं: विंडोज, लिनक्स, मॅकवर प्रोग्रामला फाइल का मिळत नाही

"भाऊ, फाइल दिसून राहिली, पण सेव्ह नाही होऊन राहिली."

नागपुरात छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला हा फोन नवा नाही. सीताबर्डीतलं वकिलाचं ऑफिस असो, महालातलं डीटीपीचं दुकान असो की इतवारीतली पेढी. एकाच टेबलावर विंडोजचा पीसी, जुन्या डब्यावर बसवलेलं उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आणि धाकट्या वकीलसाहेबांचं मॅकबुक असं तिहेरी बिऱ्हाड असलं की फोन येणारच. या कामात नवीन आलेली पोरं अशा वेळी दोनपैकी एक गोष्ट करतात. विंडोजवर "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" दाबतात, नाहीतर लिनक्सवर सगळ्या फोल्डरला ७७७ करून टाकतात, म्हणजे सगळ्यांना सगळे अधिकार. त्या दिवशी काम भागतं आणि पुढच्या महिन्यात भलतंच काही बिघडतं. मीही हेच करत होतो, त्यामुळे हसायचं कारण नाही.

आधी एक गोष्ट पक्की करा. प्रोग्रामला स्वतःचा अधिकार जवळजवळ नसतो. तो वकिलाच्या मुन्शीसारखा आहे. कोर्टात मुन्शी कागद मागतो तो स्वतःच्या नावावर नाही, तर ज्या वकिलाचा माणूस त्या वकिलाच्या नावावर. वर्ड, टॅली, ब्राउझर हे सगळे मुन्शी. ज्या युजरने ते सुरू केले, त्या युजरला जे उघडता येतं तेच त्यांना उघडता येतं.

पण मुन्शी योग्य वकिलाचा असूनही काम अडू शकतं, कारण आणखी दोन गोष्टी मध्ये येतात. कागद ज्या कपाटात आहे त्याचं कुलूप, आणि अलीकडच्या सिस्टीममध्ये दारावर बसवलेला पहारेकरी, जो वकील कोणीही असो, मुन्शीचंच तोंड बघून आत सोडतो किंवा अडवतो. कोणाच्या नावाने, कोणत्या कपाटातून, पहाऱ्यावर कोण: या क्रमाने तपासत गेलात की अंदाजपंचे बटणं दाबावी लागत नाहीत.

पहिली पायरी: काहीही बदलण्याआधी नकाराचे शब्द वाचा

मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. ऑफिसातला माणूस "एरर येऊन राहिला" एवढंच सांगतो, पण शब्दाशब्दात फरक आहे. विंडोज "फाइल इन यूज" म्हणत असेल तर हा परवानगीचा मामलाच नाही. दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामने ती फाइल उघडून धरली आहे. विंडोजमध्ये उघडी फाइल पुसायला किंवा तिचं नाव बदलायला बहुतेक वेळा नकार मिळतो. लिनक्सवर उघडी फाइलसुद्धा खुशाल पुसता येते. त्यामुळे लिनक्सवरून आलेला माणूस इथे उगाच परवानग्या शोधत बसतो.

लिनक्स आणि मॅकवर तीन वाक्यं ओळखायला शिका. "परमिशन डिनाइड" म्हणजे बहुतेक साधं कुलूप. "रीड-ओन्ली फाइल सिस्टीम" म्हणजे अख्खं कपाटच फक्त वाचण्यापुरतं उघडलं आहे, एका फाइलवर डोकं आपटून उपयोग नाही. आणि मॅकच्या टर्मिनलमध्ये, फाइल स्वतःची असूनही, "ऑपरेशन नॉट परमिटेड" आलं तर संशय आधी पहारेकऱ्यावर घ्या.

मग एक सोपी परीक्षा करा. तीच फाइल, त्याच युजरने, दुसऱ्या साध्या प्रोग्राममधून उघडून सेव्ह करून बघा. विंडोजवर नोटपॅड, लिनक्सवर टेक्स्ट एडिटर. मजकूर नासू नये म्हणून त्याच फोल्डरमध्ये एक रिकामी नवी फाइल करून बघितली तरी चालेल. दुसऱ्या प्रोग्रामला जमलं आणि पहिल्याला नाही, तर दोष पहिल्या प्रोग्रामवरच्या बंधनात आहे. दोघांनाही जमलं नाही, तर युजर किंवा कपाट बघा. माझा निम्मा वेळ या एका परीक्षेने वाचतो.

दुसरी पायरी: प्रोग्राम कोणाच्या नावाने चालतोय

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, "डिटेल्स" मध्ये जा. युजरचं नाव तिथे दिसतं. वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून "सिलेक्ट कॉलम्स" मधून "एलिव्हेटेड" हा रकाना जोडा; कोणता प्रोग्राम अ‍ॅडमिनच्या अधिकारात चालतोय ते कळेल. लिनक्सवर टर्मिनलमध्ये "पीएस एयूएक्स" लिहा, पहिला रकाना युजरचा. या लेखातल्या आज्ञा अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

विंडोजमध्ये नवख्यांचा गोंधळ होतो तो इथेच. "माझं अकाउंट अ‍ॅडमिनचं आहे, मग अडवतो काऊन?" कारण विंडोज व्हिस्टापासून अ‍ॅडमिन युजरलाही लॉगिन करताना दोन ओळखपत्रं मिळतात, एक साधं आणि एक पूर्ण अधिकाराचं. रोजचे प्रोग्राम साध्या ओळखपत्रावर चालतात. "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" म्हटलं आणि पडदा काळवंडून विचारलेल्या प्रश्नाला हो म्हटलं की दुसरं ओळखपत्र बाहेर निघतं.

पण हे दुसरं ओळखपत्र फुकट मिळत नाही. अ‍ॅडमिन म्हणून चालवलेल्या प्रोग्रामला नेटवर्कवरचा झेड ड्राइव्ह दिसत नाही, कारण तो ड्राइव्ह साध्या ओळखपत्राने जोडला होता. एक्सप्लोररमधून फाइल ओढून त्या प्रोग्रामवर टाकली तरी तो घेत नाही. दोन्ही वेळा लोकांना वाटतं की प्रोग्राम बिघडला.

यातला सगळ्यात पक्का चकवा मला एका डीटीपीच्या दुकानात भेटला. जुना ३२ बिटचा प्रोग्राम आपला डेटा प्रोग्राम फाइल्स या फोल्डरमध्येच लिहायचा. साध्या युजरला तिथे लिहायची मुभा नाही, पण असले जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून विंडोज एक गुपचूप सोय करतं: लिहिलेली फाइल युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधल्या "व्हर्च्युअलस्टोअर" मध्ये ठेवतं आणि प्रोग्रामला भासवतं की ती मूळ जागीच आहे. दुकानातल्या मुलाने कोणाच्या तरी सांगण्यावरून तोच प्रोग्राम अ‍ॅडमिन म्हणून चालवला. अ‍ॅडमिनला ही सोय लागू नाही, त्याला खरं फोल्डर दिसलं, आणि त्यात तीन वर्षांपूर्वीचा डेटा! "बाप्पा, सगळ्या लग्नपत्रिका उडाल्या!" उडालं काहीच नव्हतं. व्हर्च्युअलस्टोअरमधून फाइली काढल्या, प्रोग्रामचं डेटा फोल्डर डी ड्राइव्हवर हलवलं आणि प्रोग्राम साध्या युजरने चालवायला लावला.

लिनक्सवर याच जातीचा प्रसंग वेबसर्व्हरचा. उबुंटूवर अपाची हा वेबसर्व्हर "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा" या वेगळ्या युजरच्या नावाने काम करतो, तुमच्या नावाने नाही. साइटचं फोल्डर तुम्ही आपल्या होममध्ये, म्हणजे स्वतःच्या खासगी फोल्डरमध्ये, ठेवलं असेल तर त्याला आत येता येत नाही, कारण उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डर बाहेरच्यांना बंदच असतं. अशा वेळी साइट होममधून बाहेर काढा, होम उघडं करू नका.

तिसरी पायरी: फाइल कोणत्या कपाटात आहे

कपाट म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, फाइल सिस्टीम. विंडोजवर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये "फाइल सिस्टीम" समोर नाव दिसतं. लिनक्सवर "एलएसबीएलके -एफ". मॅकवर डिस्क युटिलिटी.

फॅट३२ आणि एक्सफॅट ही बिनकुलपाची कपाटं. मूळ फॅट १९७०च्या दशकात फ्लॉपीसाठी आलं, एका माणसाच्या मशीनसाठी. मालक कोण हे लिहून ठेवायला त्यात जागाच नाही. पेन ड्राइव्ह बहुधा याच दोन प्रकारांत येतात. म्हणून पेन ड्राइव्हवर फाइल नेली की तिच्या परवानग्या तिच्यासोबत जात नाहीत, कपाटाबाहेर राहतात. लिनक्स असा ड्राइव्ह जोडताना सगळ्या फाइलींवर एकच मालक आणि एकच परवानगी कल्पून चिकटवतं. एकेक फाइलवर "सीएच-मॉड" या परवानगी बदलायच्या आज्ञेने वेगळी परवानगी द्यायला गेलात तर, केवळ-वाचनाची खूण सोडून, काही टिकत नाही. बदल हवाच असेल तर तो ड्राइव्ह जोडताना द्यायचा असतो. आणि लिनक्सच्या स्क्रिप्ट एका मशीनवरून दुसऱ्यावर पेन ड्राइव्हने न्यायच्या असतील तर आधी "टार" मध्ये बांधा. गाठोड्याच्या आत परवानग्या शाबूत राहतात.

विंडोजचं एनटीएफएस, लिनक्सचं ईएक्सटी४ आणि मॅकचं एपीएफएस ही कुलपाची कपाटं. मात्र प्रत्येकाचं कुलूप वेगळ्या बनावटीचं, आणि एकाची किल्ली दुसऱ्याला चालत नाही.

सुरुवातीला सांगितलेला फोन याच कारणाने आला होता. धाकट्या वकीलसाहेबांनी ऑफिसची बाहेरची हार्ड डिस्क मॅकबुकला लावली. डिस्क एनटीएफएस. मॅक ती वाचतो, पण स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही. परवानगीचा काही संबंधच नाही. जगातले सगळे अधिकार दिले तरी मॅक लिहिणार नाही. दोघांत फिरणारी डिस्क असेल तर डेटा दुसरीकडे काढून ती एक्सफॅट करा. पण अशा डिस्कवर कुलूप नाही, हातात पडली की कोणीही वाचेल, हे पक्षकारांचे कागद ठेवण्याआधी साहेबांच्या कानावर घाला.

एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही असतील तर वेगळी गंमत. उबुंटूमधून विंडोजच्या ड्राइव्हवर काल लिहिता येत होतं, आज "रीड-ओन्ली". विंडोजचं "फास्ट स्टार्टअप" चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण झोपत नाही, अर्धवट स्थिती डिस्कवर ठेवून जातं. अशा डिस्कवर लिहिलं तर डेटा खराब होईल म्हणून लिनक्स हात आखडता घेतं, आणि ते बरोबरच करतं. उपाय: शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, किंवा कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा. जबरदस्तीने लिहायचे उपाय सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ईएक्सटी४ ची डिस्क विंडोजला लावली तर विंडोज म्हणतं, वापरण्याआधी फॉरमॅट करू का? मॅक विचारतो, इनिशियलाइझ करू का? दोन्ही ठिकाणी नाही. डिस्क रिकामी नाही, यांना तिची लिपी वाचता येत नाही एवढंच.

चौथी पायरी: कुलूप नीट बघा

लिनक्सचं कुलूप साधं आहे. "एलएस -एल" लिहिलं की प्रत्येक फाइलपुढे मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी आर, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं दिसतात: वाचणं, लिहिणं, चालवणं. फोल्डरवर मात्र एक्सचा अर्थ "आतून जाऊ देणं" असा होतो, आणि नवीन माणूस तिथेच ठेचकाळतो. फाइलची परवानगी ठीक असली तरी वाटेतल्या एकाही फोल्डरवर एक्स नसेल तर फाइल मिळत नाही. वाड्याच्या सगळ्यात आतल्या खोलीचं दार उघडं ठेवून दिंडी दरवाजा लावून घेतला तर पाहुणा येणार कुठून? "नेमआय -एल" आणि पुढे पूर्ण पत्ता लिहा. मुळापासून फाइलपर्यंतचं प्रत्येक दार ओळीने दिसतं. आणखी एक: फाइल पुसण्याचा अधिकार फाइलवर नसतो, फोल्डरवर लिहिण्याच्या अधिकारात असतो. त्यामुळे केवळ-वाचनाची फाइलसुद्धा पुसली जाऊ शकते.

लिनक्स मालकाचं नाव नाही, आकडा लक्षात ठेवतं. उबुंटूवर पहिल्या युजरचा आकडा १०००, मॅकवर ५०१. म्हणून एका उबुंटूची ईएक्सटी४ डिस्क दुसऱ्या उबुंटूला लावली तर बहुतेक वेळा सगळ्या फाइली "तुमच्याच" दिसतात, मूळ मालक कोणी का असेना. विंडोजचं उलट. १९९३ साली विंडोज एनटी ३.१ सोबत एनटीएफएस आलं, त्यात प्रत्येक युजरचा लांबलचक ओळख क्रमांक लिहिलेला असतो. दोन पीसींवर "ऑफिस" नावाचे दोन युजर असले तरी ते दोन वेगळे इसम. जुन्या पीसीतली डिस्क नव्याला लावली की सिक्युरिटीच्या यादीत "अकाउंट अननोन" दिसतं ते म्हणूनच.

तशा फोल्डरवर क्लिक केलं की विंडोज "कंटिन्यू" विचारतं. हो म्हटलं की तुमचं नाव त्या फोल्डरच्या यादीत कायमचं लिहिलं जातं. जुन्या डिस्कवरच्या फोटो-कागदांसाठी ठीक. चालू मशीनच्या विंडोज फोल्डरवर किंवा दुसऱ्याच्या युजर फोल्डरवर हे करू नका. एरवी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, मग "इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस" उघडा, युजर निवडा. वरच्या फोल्डरांतून उतरलेल्या आणि गटांमधून आलेल्या परवानग्यांची बेरीज विंडोज तुमच्यासाठी करून दाखवतं. डोक्यात करायला जाऊ नका. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला "रीड-ओन्ली" चा भरलेला चौकोन काढत बसायचीही गरज नाही, फोल्डरच्या बाबतीत तो लिहिणं अडवत नाही.

आता ७७७ बद्दल. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरचं पाणी संपलेलं. एका ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर एका फोल्डरला सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकारात आज्ञा चालवणारा प्रोग्राम) लावून, आतल्या सगळ्या फाइलींसकट, ७७७ करत होतो. तिरपी रेघ आणि फोल्डरचं नाव यांच्यामध्ये चुकून एक जागा सुटली. नुसती तिरपी रेघ म्हणजे डिस्कचं मूळ, त्यामुळे आज्ञा अख्ख्या डिस्कवर चालली. लक्षात येऊन थांबवली तोवर सुडोच चालेना, कारण त्या प्रोग्रामवर एक खास खूण असते, तिच्या जोरावर तो रूट या सर्वाधिकारी युजरच्या अधिकारात चालतो; ७७७ ने तीच पुसली. दुरून लॉगिन करायच्या किल्ल्याही "फार उघड्या आहेत" म्हणून नाकारल्या गेल्या. संध्याकाळपर्यंत सिस्टीम नव्याने टाकली. तेव्हापासून फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ (मालकाला लिहिता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता), आणि चार जणांनी लिहायचं असेल तर त्यांचा एक गट. ७७७ ची खरी गरज मला अजून लागलेली नाही.

पाचवी पायरी: दारावरचा पहारेकरी

पहिल्या पायरीच्या परीक्षेत एक प्रोग्राम पास आणि दुसरा नापास झाला असेल तर इथे बघा.

मॅकवर, २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि बाहेरच्या डिस्कसाठी प्रत्येक अ‍ॅप वेगळी परवानगी मागतं. घाईत कोणी "नाही" दाबलं असेल तर ते पुन्हा विचारत नाही, मुकाट्याने अपयशी ठरतं. सिस्टीम सेटिंग्जमध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी", त्यात "फाइल्स अँड फोल्डर्स" किंवा "फुल डिस्क अ‍ॅक्सेस" बघा, बदल केल्यावर अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा. टर्मिनलमध्ये सुडो लावूनही हा पहारा हटत नाही.

उबुंटूवर स्नॅप प्रकारचे, म्हणजे कुंपणात चालणारे, प्रोग्राम असतात. त्यांना होममधल्या लपलेल्या फाइली दिसत नाहीत, आणि पेन ड्राइव्हसाठी कित्येकदा वेगळी मुभा लागते. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर ती चालू करा. त्याच धर्तीचे फ्लॅटपॅकचे प्रोग्राम आणखी काटेकोर असू शकतात: उघडण्याच्या खिडकीतून तुम्ही निवडलेली फाइल तेवढी त्यांना मिळते, शेजारची नाही. व्हिडिओ उघडतो पण शेजारची सबटायटल फाइल सापडत नाही, ती यामुळे. फ्लॅटसील नावाचं छोटं अ‍ॅप टाकून तेवढ्या फोल्डरची मुभा द्या.

विंडोजवर "कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस" कोणी चालू केलं असेल तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहिता येत नाही. ते विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली सापडतं. ते बंद करू नका, तेवढ्या एका प्रोग्रामला सोडा. मेलवरून उतरवलेली वर्डची फाइल "प्रोटेक्टेड व्ह्यू" मध्ये अडकते त्याचं कारण निराळं. बाहेरून आलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतं. ही चिठ्ठी एनटीएफएसवरच टिकते, म्हणून तीच फाइल एक्सफॅट पेन ड्राइव्हवरून फिरवून आणली की बिनबोभाट उघडते. पाठवणारा खात्रीचा असेल तर प्रॉपर्टीजमध्ये "अनब्लॉक" वर खूण करा.

मोबाइलवर तर पहारेकरीच मुख्य. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप हा लिनक्सचा वेगळा युजर असतो, त्यामुळे एकाच्या खासगी फाइली दुसऱ्याला दिसतच नाहीत. क्लाएंटचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि दुसऱ्या अ‍ॅपला सापडत नसेल तर शोधत बसू नका, "शेअर" करून द्या.

ऑफिसचं सामायिक फोल्डर

नेटवर्कवर दोन कुलपं लागतात. विंडोजवर एक शेअरिंगचं आणि एक सिक्युरिटीचं, आणि दोघांपैकी जे कडक ते चालतं. शेअरिंगमध्ये "फुल कंट्रोल" देऊनही कोणी लिहू शकत नसेल तर सिक्युरिटीचं पान राहिलं आहे. उबुंटूवर सांबा (विंडोजला फोल्डर वाटून देणारा प्रोग्राम) बसवला असेल तर तिथे विंडोजवरून आलेला माणूस शेवटी लिनक्सचा कुठलातरी युजर होऊनच आत येतो, आणि त्याला चौथ्या पायरीतले तेच आर, डब्ल्यू, एक्स लागू होतात.

सगळं बरोबर करूनही एक गोष्ट नव्या माणसाला रडवते. युजरला तुम्ही गटात टाकलं, फोल्डर गटाला दिलं, तरी नकार. कारण मुन्शीच्या हातातलं ओळखपत्र लॉगिनच्या वेळी लिहिलं जातं, विंडोजवरही आणि लिनक्सवरही. नंतर केलेला गटातला बदल त्या ओळखपत्रात नसतो. पुन्हा परवानग्या उघडायच्या आधी त्या माणसाला एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करायला सांगा. प्रोग्राम नुसता बंद-चालू करून भागत नाही.